जमावबंदीचा हुकूम आणि बाबासाहेबांची वकिली

अकोल्याच्या न्यायालयाच्या आवारात दर महिन्याला एक ना एक भीमसैनिक तरुण मला गाठतो. त्याच्या खिशातला समन्सचा कागद घडी घालून घालून फाटायला आलेला असतो. प्रकरण बहुधा सारखेच. गावात जयंतीची मिरवणूक ठरल्या वेळेपेक्षा तासभर लांबली, किंवा कुठे पुतळ्याची विटंबना झाली म्हणून चौकात वीस-पंचवीस पोरे निषेधाला उभी राहिली, आणि त्या दिवशी जिल्ह्यात जमावबंदी होती हे त्यांच्या गावीही नव्हते. गुन्हा किरकोळ असतो. पण हाच पोरगा दोन वर्षांनी पोलीस भरतीत मैदान मारतो, लेखी परीक्षा पास होतो आणि चारित्र्य पडताळणीत अडकतो. बापाने सोयाबीन विकून भरलेली क्लासची फी एका तारखेत मातीत जाते.

मागच्या जयंतीनंतर अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातून असाच एक तरुण आला. परवानगी का घेतली नाही बाबू, असे मी त्याला विचारले. त्याने मलाच उलट सवाल केला. वकीलसाहेब, बाबासाहेबांनी महाडला कोणाची परवानगी घेतली होती? तिथे त्यांनी कायदाच मोडला ना? जयंतीच्या भाषणात त्याने हेच ऐकले होते.

दोष त्या पोराचा नाही. दोष आम्हा बोलणाऱ्यांचा आहे. महाडला बाबासाहेबांनी कायदा मोडला, असे आम्ही टाळ्यांसाठी सांगत आलो. बॅरिस्टर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे आयुष्य एका वकिलाच्या नजरेने वाचले तर चित्र नेमके उलटे दिसते. हा माणूस आयुष्यभर लोकांना एकत्र आणत राहिला आणि प्रत्येक वेळी कायदा कोणाच्या बाजूला आहे, हे पाहूनच त्याने पाऊल टाकले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म. बाप सुभेदार रामजी, लष्करातला शिस्तीचा माणूस. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिक्षण. १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर. १९२३ पासून मुंबईत वकिली. हे सगळे आपल्याला पाठ आहे. पण त्या वकिलीचे हाल आपण विसरतो. अस्पृश्य बॅरिस्टरला काम कोण देणार? हातात येतील ते खटले त्यांनी लढवले. १९२६ मध्ये पुण्याला 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात ब्राह्मणेतर चळवळीतल्या मंडळींचे वकीलपत्र त्यांनी घेतले आणि त्यांना सोडवून आणले. म्हणजे महाडला जाण्यापूर्वीच ते चळवळीचे वकील झाले होते. पुढारी आणि वकील ही दोन माणसे त्यांच्यात कधीच वेगळी नव्हती.

आता महाड. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा सार्वजनिक संस्था सांभाळत असलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले, प्रत्यक्षात मात्र गुरेढोरे पाणी पितात आणि माणूस पीत नाही! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन शिस्तीत तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यात त्यांनी कोणता कायदा मोडला? त्यांनी तर नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी केली. मोडला तो सनातन्यांनी. वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य घुसणार, अशी आवई उठवून त्यांनी परिषदेच्या मंडपात जेवत असलेल्या निःशस्त्र माणसांवर काठ्या चालवल्या.

त्या सायंकाळी बाबासाहेब डाक बंगल्यावर होते. आपल्या लोकांत लष्करातून निवृत्त झालेले, मनगटात जोर असलेले शेकडो गडी होते आणि ते फक्त एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. तुम्ही तुमच्या लोकांना आवरा, माझे लोक मी आवरतो, असे त्यांनी अधिकाऱ्यांना बजावले आणि खरोखरच आवरले. तो शब्द दिला असता तर दुसऱ्या दिवशी कागदोपत्री काय झाले असते? दोन गटांत दंगल, दोन्ही बाजूंवर गुन्हे! वकिली करणाऱ्याला हे लगेच समजते. त्यांनी हात उगारू दिला नाही म्हणून खटल्यात आरोपी कोण आणि फिर्यादी कोण हे स्वच्छ राहिले. जून १९२७ मध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिने सक्तमजुरी झाली. बेकायदा जमाव कोणता, हे न्यायालयाने सांगितले आणि तो जमाव आपला नव्हता.

त्याच वर्षी हा लढा आपल्या वऱ्हाडात आला. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना बंद होते. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. डॉ. पंजाबराव देशमुखांसारखा मराठा बॅरिस्टर या मंदिरप्रवेशाच्या बाजूने उभा होता, हीही वऱ्हाडने विसरू नये अशी गोष्ट आहे. परिषद चालू असतानाच मुंबईहून तार आली. थोरले बंधू बाळाराम गेले होते. घरात मरण आणि समोर खचाखच भरलेले सभागृह! तरीही परिषदेचे काम झाले. मंदिराच्या पंचांशी बोलणी व्हावीत म्हणून सत्याग्रह तूर्त पुढे ढकलायचे ठरले. आजच्या एखाद्या उतावळ्या कार्यकर्त्याला ही माघार वाटेल. पण विरोधकाला बोलण्याची संधी दिल्याशिवाय रस्त्यावर उतरायचे नाही, ही ती पद्धत होती. नोटीस न देता दावा लावणारा वकील पहिल्याच तारखेला अडचणीत येतो.

या पद्धतीची खरी परीक्षा सहा आठवड्यांनी झाली. ऑगस्ट १९२७ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या २५ तारखेला दुसरी परिषद जाहीर झाली होती. सनातन्यांनी या वेळी काठी बाजूला ठेवून कायद्याचा कागद हातात घेतला. चवदार तळे खासगी आहे, असा दावा त्यांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात लावला आणि १४ डिसेंबरला बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. निकाल लागेपर्यंत तळ्याला हात लावायचा नाही.

परिषदेला जागा द्यायलाही कोणी हिंदू तयार नव्हता. फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहासाठी जवळपास चार हजार लोकांनी नावे नोंदवली होती. तुरुंगात जायला, डोकी फोडून घ्यायला ते तयार होते. खुद्द कलेक्टर मंडपात येऊन न्यायालयाचा हुकूम मोडू नका, असे सांगून गेला. आता काय करायचे? मंडपातल्या त्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. भाकरी बांधून, बैलगाडीने, पायी ते आले होते. त्यांना पाणी न पिता परत पाठवायचे? आणि ते सांगणार कोण, तर ज्याने त्यांना बोलावले तोच!

बाबासाहेबांनी ते सांगितले. २७ डिसेंबरला सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव त्यांनी स्वतः मांडला. पण जमलेले लोक त्यांनी तसेच पांगू दिले नाहीत. हजारोंची मिरवणूक निघाली, शिस्तीत तळ्याच्या बाजूने गेली आणि पाण्याला कोणी बोटही लावले नाही. हुकूम पाणी घेण्याला होता, चालण्याला नव्हता! हुकूम अक्षर न् अक्षर वाचायचा, त्यात जेवढे मना आहे तेवढेच थांबवायचे आणि जे मना नाही ते छाती पुढे काढून करायचे, हा धडा त्या दिवशी महाडच्या रस्त्यावर गिरवला गेला.

आणि दावा? तो त्यांनी लढवला. फेब्रुवारी १९२८ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम उठला. १९३१ मध्ये खालच्या न्यायालयात दावा जिंकला, १९३३ मध्ये ठाण्याला अपिलात जिंकला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयातही जिंकला. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी वहिवाट सनातन्यांना सिद्ध करता आली नाही. दहा वर्षे लागली, पण त्या निकालानंतर तळे कोणाच्या बापाचे, हा प्रश्न उरला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये हुकूम मोडला असता तर कदाचित त्या दिवशी ओंजळभर पाणी मिळाले असते आणि दावा हातचा गेला असता.

म्हणजे बाबासाहेब हुकमापुढे नेहमी मान तुकवत होते काय? तसे समजणेही चूक. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बंद दारांसमोर माणसे शांतपणे बसून राहिली. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून समझोता मोडला गेला आणि दगडांचा वर्षाव झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली तो लढा पाच वर्षे चालला आणि अनेक सत्याग्रही तुरुंगात गेले. दगड मारणारे म्हणजे जनता आणि दारात बसणारे म्हणजे शांततेला धोका, हा हिशेब नाशिकने आपल्याला दाखवला. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि मंदिराच्या दारात शक्ती घालवणे थांबवायला सांगितले.

त्यानंतर त्यांचा जमाव बदलला, मागणी बदलली, पण जमाव करणे थांबले नाही. जानेवारी १९३८ मध्ये खोती पद्धतीविरुद्ध कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी मुंबईत नेला. त्याच वर्षी काँग्रेसच्या सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले आणि काही प्रकारचे संप गुन्हा ठरवले. कामगाराने काम नाकारणे हा फार तर कराराचा भंग आहे, फौजदारी गुन्हा होऊ शकत नाही, कारण तसे म्हणणे म्हणजे त्याला गुलाम करणे आहे, अशी मांडणी त्यांनी विधिमंडळात केली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. पोलिसांच्या गोळ्या कामगारांवर झाडल्या गेल्या. परदेशी सरकारचा पोलीस आणि आपल्या मंत्र्यांचा पोलीस यांच्या बंदुकीत फारसा फरक नसतो, हे त्यांनी स्वराज्य येण्याच्या नऊ वर्षे आधी पाहिले.

ऑगस्ट १९४७ मध्ये हाच माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. ज्याने मनाई हुकूम अंगावर घेतले त्याच्याच हातात आता जमण्याच्या हक्काचे कलम आले. आजचे कलम १९ प्रत्येक नागरिकाला शांततेने आणि शस्त्राविना जमण्याचा मूलभूत हक्क देते. त्याच कलमाचा तिसरा खंड सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी या हक्कावर निर्बंध घालण्याची मुभा सरकारला देतो. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, अशी टीका संविधान सभेत झालीच. कोणत्याही देशात हे हक्क निरंकुश नाहीत, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. पण डिसेंबर १९४८ मध्ये पंडित ठाकूरदास भार्गव यांनी एक दुरुस्ती आणली. निर्बंध नुसते नकोत, ते वाजवी असले पाहिजेत. बाबासाहेबांनी ती स्वीकारली. माझ्या मते वकिलाच्या दृष्टीने त्या कलमातला सर्वात मोलाचा शब्द हाच. निर्बंध वाजवी आहे की नाही हे ठाणेदार ठरवणार नाही, कलेक्टर ठरवणार नाही, शेवटी न्यायालय ठरवील, ही खिडकी त्या एका शब्दाने उघडली.

इथे एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि भाषणस्वातंत्र्याच्या निर्बंधांत सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण घातले गेले. कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी लोकसभा अस्तित्वात येण्यापूर्वीच्या त्या हंगामी संसदेत तिचे समर्थन केले. आपले काही विद्वान ही गोष्ट टाळतात. मी टाळत नाही. राज्याच्या हातात काहीच अधिकार नसेल तर गावातल्या पाटलाचा जमाव महारवाड्याचे काय करतो, हे त्यांना ठाऊक होते. सुव्यवस्था दुबळ्यालाच अधिक लागते. पण त्याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्याच्या निर्बंधांतही वाजवी हा शब्द आला, हेही लक्षात ठेवा. अधिकार द्यायचा, पण त्याला न्यायालयाचा लगाम घालायचा, ही त्यांची रीत होती. पुढच्या सरकारांनी अधिकार लक्षात ठेवला आणि लगाम विसरले.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणाचेही असेच होते. आता सनदशीर मार्ग खुले झाले आहेत, तेव्हा कायदेभंग आणि सत्याग्रह सोडून द्या, असे बाबासाहेबांनी त्यात सांगितले. आज एखादा अधिकारी मोर्चाचा अर्ज नाकारताना आपल्यालाच हे ऐकवतो. त्याला उत्तर द्यायला शिका. बाबासाहेबांनी कायदा मोडणे सोडायला सांगितले, जमणे सोडायला नाही. परवानगी मागून, मार्ग ठरवून काढलेला मोर्चा हाच तर सनदशीर मार्ग. कारण न देता जो तो अर्ज नाकारतो, तोच सनदशीर मार्ग बंद करतो. बाबासाहेबांच्या भाषणाचा आरोपी तो आहे!

आणि शेवटचा जमाव पाहा. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. वऱ्हाडातून रेल्वेने, बैलगाड्यांनी, पायी, पांढऱ्या कपड्यांत लाखो माणसे आली. कित्येक बायांनी अंगावरचे डाग मोडून प्रवासखर्च केला. समता सैनिक दलाच्या स्वयंसेवकांनी व्यवस्था सांभाळली. लाखोंचा जमाव धर्म बदलून, बावीस प्रतिज्ञा घेऊन शांतपणे घरी गेला. त्यानंतर दोनच महिन्यांत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले.

आता आपल्याकडे वळू. वऱ्हाडाला जमावबंदी नवी नाही. खैरलांजीच्या हत्याकांडानंतर नोव्हेंबर २००६ मध्ये अमरावतीत निषेधाला उतरलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एका तरुणाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल झाली आणि जमावबंदी आली. दंगल पेटते तेव्हा असा हुकूम लागतो, हे मला मान्य आहे. त्यात आपलीही वस्ती वाचते. प्रश्न आहे तो दंगल नसताना, सणवार आणि आंदोलने आहेत एवढ्याच कारणावर पंधरा-पंधरा दिवसांचे हुकूम एकामागून एक काढण्याचा.

म्हणून कायदा समजून घ्या. जमावबंदी मुख्यतः दोन कायद्यांखाली येते. पहिला महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, त्याचे कलम ३७. त्यातल्या तिसऱ्या पोटकलमाखाली सभा-मिरवणुकीला केलेली मनाई राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाही. दुसरे म्हणजे जुने कलम १४४. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ झाले. त्याचा हुकूम साधारणपणे दोन महिने चालतो. हुकमाने बाधा झालेला कोणीही तो रद्द करण्यासाठी अर्ज करू शकतो. दंडाधिकाऱ्याला अर्जदाराचे म्हणणे ऐकावे लागते आणि अर्ज फेटाळला तर कारणे लेखी द्यावी लागतात. किती जणांनी असा अर्ज केला? मी इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहिले.

या लढाईतही विदर्भाचे नाव आहे. नागपूरच्या गिरणी कामगार संघटनांच्या वादातून निघालेल्या हुकमाविरुद्ध बाबूलाल पराते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६१ मध्ये न्यायालयाने कलम १४४ वैध ठरवले. ती हार होती. पण १९७२ मध्ये हिंमतलाल शाह यांच्या प्रकरणात, रस्त्यावरच्या सभेला परवानगी नाकारण्याचा बेलगाम अधिकार देणारा अहमदाबादच्या पोलिसांचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. २०२० मध्ये अनुराधा भसीन यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की असे हुकूम कारणांसह, प्रसिद्ध करून काढले पाहिजेत आणि मतभेद दडपण्यासाठी ते वारंवार वापरता येणार नाहीत. सनातन्यांचा दावा दहा वर्षे लढवणाऱ्याच्या लेकरांनी एवढे निकाल तरी माहीत करून घ्यायला नकोत काय?

प्रत्येक गावच्या जयंती समितीने यंदा चार कामे करावीत. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा आणि पोच घ्यावी. नकार आला तर तो लेखी मागावा. जमावबंदीचा हुकूम मिळवून त्यात नेमके काय मना आहे, ते महाडच्या रीतीने वाचावे. मिरवणुकीत आपले स्वयंसेवक नेमावेत, दारू प्यालेल्याला हात धरून घरी पाठवावे. तरीही गुन्हा दाखल झाला तर घाबरून कबुली देऊ नये. दंड भरून मोकळे व्हा, असे सांगणारे खूप भेटतात, पण ती कबुली पुढे पडताळणीत उभी राहते. हुकूम मोडल्याच्या गुन्ह्यात तर संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार नसेल तर न्यायालयाला दखलच घेता येत नाही. आधी वकिलाला भेटा. फीचे आपण पाहून घेऊ.

त्या पोराचे प्रकरण अजून चालू आहे. मी त्याचे वकीलपत्र घेतले. दर तारखेला तो पांढरा शर्ट घालून येतो आणि बाकावर बसून भरतीचे पुस्तक वाचतो. मागच्या तारखेला मी त्याला महाडच्या २७ डिसेंबरची गोष्ट सांगितली. पाणी समोर असताना चार हजार माणसे न पिता परत फिरली, हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, ते हरले नाहीत का वकीलसाहेब? मी म्हटले, दहा वर्षे थांब, मग निकाल बघ.

जयभीम!